ताटलीवरचं ऊन

दिनांक ९ एप्रिल २००३, बुधवार. आकडा : उणे ३.१ टक्के. हजर : बडोद्याहून आलेले परचुरेसाहेब, आमच्या केंद्रातला साळवे आणि मी.

माझ्या रोजनिशीतली ही नोंद मी यंदा पुन्हा काढून वाचली, त्याला कारण धूळ. गेल्या आठवड्यात दोन दिवस नाशिकवर पिवळट धूसरपणा होता. एरवी आमच्या गच्चीवरून पांडवलेण्याचा डोंगर हाताच्या अंतरावर वाटतो, तो पुसून टाकल्यासारखा झाला. लोक म्हणाले, ही धूळ समुद्रापलीकडच्या वाळवंटातून आली आहे. मी कठड्यावरून बोट फिरवलं. बोटाच्या टोकाला मैद्यासारखी बारीक, फिकट पूड लागली. सात वर्षं मी वाळवंट पाहण्याचा पगार घेतला, पण वाळवंटाला हात लागला तो असा. तेही मी गेलो नाही, ते आलं.

पाहिलं म्हणजे संगणकाच्या पडद्यावर पाहिलं. आमच्या संस्थेचं नाशिकला तीन खोल्यांचं एक केंद्र होतं. उपग्रहाच्या चित्रांवरून जिल्ह्यात द्राक्षबागा किती, कांदा किती, हे मोजायला ते काढलेलं. ते काम साळवेकडे. माझ्या कामाचा द्राक्षांशी संबंध एवढाच, की उपग्रहातला कॅमेराही म्हातारा होतो. आठशे किलोमीटर उंचीवर तो एकदा गेला की त्याची काच पुसायला कोणी जात नाही. वर्षागणिक त्याची नजर थोडी मंदावते. मग साळवेच्या चित्रात दिंडोरीकडच्या बागा वेगळ्या दिसल्या, तर बागा बदलल्या की कॅमेऱ्याची नजर बदलली, हे ठरवायचं कसं? त्यासाठी न बदलणारं काहीतरी सतत पाहत राहावं लागतं. म्हणून लिबियाच्या वाळवंटातला वीस किलोमीटर लांब आणि तेवढाच रुंद असा एक चौकोन ठरवून दिलेला होता. तिथं गाव नाही, झाड नाही, पाऊस जवळजवळ नाही. आजची वाळू जेवढी उजळ, तेवढीच दहा वर्षांनी. ती कॅमेऱ्याला मंद दिसायला लागली, तर समजायचं की दोष वाळूचा नाही.

“तुझं पीक बरं आहे गड्या,” साळवे म्हणायचा. “पेरणी नाही, फवारणी नाही, भाव पडायची भीती नाही.”

वर्षाला बासष्ट चित्रं यायची. कुरिअरनं सीडी आली की मी ती लावायचो, चौकोन काढायचो आणि आधी डोळ्यांनी पाहायचो. ढग असेल, वावटळ असेल, धूळ उठलेली असेल, तर तो दिवस नापास. स्वच्छ असेल तर पास. पास दिवसांच्या वाळूचा सरासरी उजळपणा काढून वहीत लिहायचा. पासाची वही वेगळी, नापासाची वेगळी. नापासाच्या वहीत कारणही लिहायचं, अशी माझी मला घालून घेतलेली शिस्त होती.

हे काम माझ्याकडे आलं ते कोणालाच नको होतं म्हणून. खरं तर मला जैसलमेरकडे पाठवायचं ठरलं होतं, यंत्रं घेऊन प्रत्यक्ष वाळूत उभं राहून मोजायला. १९९६ च्या जानेवारीत माझ्या वडिलांना, नानांना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं पंधरा-वीस शब्दांवर आलं. मी नाशिक सोडू शकत नव्हतो. खुर्चीवरून न उठता करता येईल असं वाळवंट मला देण्यात आलं.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. एका मजल्याला अठरा पायऱ्या, म्हणजे चोपन्न. घर घेतलं तेव्हा नाना स्वतः पायऱ्या चढून वर आले होते आणि म्हणाले होते, “हवा छान आहे.” झटक्यानंतरच्या सात वर्षांत ते चार वेळा खाली उतरले. चारही वेळा दवाखान्यासाठी, खुर्चीत बसवून, बिल्डिंगमधल्या चार पुरुषांनी उचलून. वळणावर खुर्ची तिरकी करावी लागायची. तेव्हा नाना डाव्या हातानं कठडा घट्ट धरायचे आणि तो सोडवून घ्यायला एक पाचवा माणूस लागायचा. तो मी.

त्यांची खाट खिडकीशी होती. खिडकीतून शेजारच्या बिल्डिंगची पांढरी भिंत दिसायची. बाकी काही नाही. भिंतीला खिडकी नव्हती, नळाचा पाइपही नव्हता. सकाळी तिच्यावर ऊन यायचं, दुपारी सरायचं. मी ऑफिसात माझा चौकोन पाहायचो आणि नाना घरी त्यांचा.

नाना एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कंट्रोल रूमला होते. एकतीस वर्षं दर तासाला काटे पाहून रजिस्टरमध्ये आकडे लिहिले. मी शाळेत असताना त्यांनी मला एकदा तिथं नेलं होतं. भिंतभर गोल तबकड्या, प्रत्येकीत एक काळा काटा थरथरतोय. मी बाजूला उभा राहून एक आकडा मोठ्यानं वाचला. नानांनी मला दोन्ही खांद्यांना धरून तबकडीच्या बरोबर समोर उभं केलं. “आता वाच.” आकडा दोननं वेगळा आला. “काटा हलला?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, नाही. “मग काय हललं ते लक्षात ठेव.”

झटक्यानंतर त्यांच्याकडे उरलेल्या शब्दांत ‘रीडिंग’ हा एक होता आणि ‘समोरून’ हा दुसरा. संध्याकाळी मी बूट काढत असतानाच आतून प्रश्न यायचा, “रीडिंग?” मी शेवटच्या चित्रातला वाळूचा आकडा सांगायचो. मग, “समोरून?” मी म्हणायचो, “हो नाना, समोरून.” त्या काळात लोडशेडिंग सुरू झालं होतं. कित्येकदा हे बोलणं अर्धवट अंधारात व्हायचं. समोरच्या काकू हटकून म्हणायच्या, “एकलहऱ्याचा माणूस घरात, आणि लाईट नाही!” नाना डाव्या बाजूनं हसायचे.

सुनंदा, माझी बायको, नानांना चाळीस मिनिटांहून जास्त वेळ एकटं सोडत नसे. ही चाळीस मिनिटं तिनं अनुभवानं ठरवलेली. भाजी, दळण, तिच्या आईला फोन, सगळं त्यात बसवायचं. चाळीस मिनिटांत आमच्या घरापासून जिथपर्यंत जाऊन येता येतं, तेवढं तिचं नाशिक. गोदावरी त्यात येत नव्हती. तिच्यापेक्षा जास्त वेळ मी घराबाहेर असायचो, तरी कोंडलेला मीच, असं मला वाटायचं. हे मी आज लिहू शकतो. तेव्हा लक्षातही आलं नव्हतं.

एप्रिल म्हणजे द्राक्षांचा शेवटचा माल. आमच्या बिल्डिंगला लागून एक मोकळा प्लॉट होता. तिथं दर हंगामाला पेठ-सुरगाण्याकडचे मजूर उतरायचे. डिसेंबरात येऊन ताडपत्र्या बांधायचे, एप्रिलअखेर गुंडाळून भात-नागलीच्या तयारीला गावी परतायचे. भल्या सकाळी ट्रॅक्टर येऊन त्यांना बागांवर घेऊन जायचा. संध्याकाळी चुलींचा धूर तिसऱ्या मजल्यापर्यंत यायचा आणि त्यात जास्त पिकलेल्या द्राक्षांचा आंबूस गोड वास मिसळलेला असायचा. त्यांच्यातला सुकदेव आमच्याकडे हंडा भरायला येई. चोपन्न पायऱ्या भरलेल्या हंड्यानिशी उतरताना त्याच्या हंड्यातलं पाणी हिंदकळत नसे. मी वरून पाहायचो.

तर, ९ एप्रिल. आमचे बडोद्याचे वरिष्ठ परचुरेसाहेब दुपारी साडेतीनला आले. सात वर्षांच्या माझ्या आकड्यांचा आलेख त्यांनी टेबलावर पसरला. ठिपक्यांची रांग डावीकडून उजवीकडे हळूहळू खाली उतरत होती. कॅमेऱ्याची नजर ३.१ टक्क्यांनी मंदावली होती. उपग्रह सोडताना तज्ज्ञांनी धरलेली सूट दीड टक्क्याची.

“म्हणजे दुप्पट,” परचुरेसाहेब म्हणाले. “देशभरच्या पिकांच्या आकड्यांत ही दुरुस्ती लावावी लागेल. हे वेळेवर सापडलं ते तुमच्यामुळे.”

“मी फक्त लिहून ठेवलं, साहेब.”

“तेच कोणी करत नाही. हे पाहा, बडोद्याला यासाठी कायमचा विभाग काढायचा प्रस्ताव वर गेलाय. हा ३.१ त्यातला मुख्य मुद्दा. मंजूर झाला की तुम्ही तिथं. वडिलांचं मला माहीत आहे. तळमजल्याचं क्वार्टर मिळेल, पुढं अंगण. दवाखाना आवारातच.”

साळवेनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

घरी सांगितलं तेव्हा सुनंदा कणीक मळत होती. तिचे हात थांबले.

“पायऱ्या किती?”

“एकही नाही.”

“असं कसं? एखादी तरी असेल.”

“उंबरा असेल.”

“केवढा?”

“अगं, मी काय उंबरा मोजून आलोय का?”

“तुम्ही? तुम्ही मोजला असेल असं वाटलं.” आणि ती हसली. किती दिवसांनी, ते मात्र मी मोजलेलं नाही.

आतून, “रीडिंग?”

“उणे तीन पॉइंट एक, नाना. बडोद्याला जायचं. तळमजला.”

नानांनी ओठ पुढे काढले. मोठा आकडा ऐकला की ते तसं करायचे. मग, “समोरून?”

“हो,” मी म्हणालो. बूट ठेवता ठेवता.

दुसऱ्या दिवशी सुनंदानं माळ्यावरची पितळी भांडी काढली आणि जुन्या साडीत बांधून गाठोडं केलं. मंजुरीचा पत्ता नव्हता. मी तसं म्हणालो. “बांधून ठेवलेलं बरं असतं,” ती म्हणाली. शुक्रवारी दुसरं गाठोडं झालं.

शनिवारी, १२ तारखेला, कुरडया करायच्या होत्या. तीन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक काढून ठेवला होता. कुरडयांना एका दिवसाचं खणखणीत ऊन लागतं. शिजवलेला चीक घातला आणि ऊन कमी पडलं की आंबूस वास येतो, पुढं बुरशी धरते. म्हणून सुनंदाची एक पद्धत आहे, तिच्या आईकडून आलेली. सकाळी साडेआठला चमचाभर कच्चा चीक एका स्टीलच्या ताटलीत पातळ पसरायचा आणि ताटली गच्चीच्या कठड्यावर ठेवायची. ठरावीक वेळात कडेचा चीक वाळून सुटला, तर पातेलं गॅसवर. नाही सुटला तर चीक झाकून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची. ताटली एकच. तिला दुसऱ्या कशासाठी वापरत नाहीत.

सुट्टी होती म्हणून मीही वर गेलो. ऊन डोळ्यांना लागत होतं. आकाशात ढग नव्हता. पण डोंगर जरा फिका होता.

“घे करायला,” मी म्हणालो. “लख्ख पडलंय.”

“दिसायला पडलंय. थांबा.”

तिनं ताटली ठेवली आणि परकराच्या खिशातून काय काढलं, तर नानांच्या उशाचं गजराचं घड्याळ. वीस मिनिटांनंतरचा गजर लावला.

“हे कशाला?” मी विचारलं. “तू तर नानांचा चहा होईपर्यंत ठेवायचीस ना?”

“आधी ठेवायचे. ताटली ठेवली, खाली गेले, नानांना चहा पाजला, वर आले, की बघायचं. पहिली दोन-तीन वर्षं बरोबर चाललं. मग नव्व्याण्णव साली सगळा डबा बुरसला. ताटली तर पास झाली होती. मी म्हटलं उन्हाला झालंय काय? मग एकदा चहा पाजता पाजता घड्याळाकडे लक्ष गेलं. आधी त्यांना वीस मिनिटं लागायची, आता चाळीस लागत होती. गिळणं कमी झालं होतं ना त्यांचं. माझ्या मनात मात्र ‘एक चहा’ तेवढाच. चाळीस मिनिटं ठेवली तर कसल्याही उन्हात कड सुटेल की. उन्हाला काही झालं नव्हतं. माझं माप लांबलं होतं.”

गजर वाजला. ताटलीतल्या चिकाची कड ओली होती. तिनं ताटली उचलली. “नापास,” ती म्हणाली. हा शब्द तिनं माझ्याकडूनच उचलला होता. खाली गेलो तर खाटेवरून नाना खिडकीकडे बोट करून म्हणत होते, “मंद.” भिंत खरंच मंद दिसत होती. धुळीचा पातळ पडदा, आपल्याला कळतही नाही असा.

मी सुनंदाबरोबर जेवायला बसलो आणि तिचं गच्चीवरचं बोलणं पुन्हा आठवलं. नव्व्याण्णव साल. माझ्या वहीत पास कोण ठरवत होतं? मीच, डोळ्यांनी. माझ्या डोळ्यांसमोर कोणतं घड्याळ होतं?

रविवारी सकाळी ऑफिसची किल्ली घेऊन मी गेलो आणि नापासाची वही उघडली. १९९६ : बासष्टपैकी चोवीस दिवस नापास. “किंचित धूसर. नापास.” “एका कोपऱ्यात शंका. नापास.” २००२ : बासष्टपैकी सात. मग पासाची वही. तिच्यात मी क्वचितच शेरा लिहीत असे. २००२ च्या पानांवर शेरे होते. “धूसर, पण चालेल.” “थोडी धूळ. चालेल.” मी ‘चालेल’ मोजले. १९९६ मध्ये एकही नाही. २००२ मध्ये एकोणीस.

वाळवंटातली हवा सात वर्षांत इतकी स्वच्छ झाली नव्हती. पहिल्या वर्षी मी एकेका चित्रापुढे अर्धा तास बसत होतो. पुढं नानांचं उठणं-बसणं दोन माणसांचं काम झालं. मला सव्वापाचला निघायचं असे. नापास केलेल्या दिवसाला कारण लिहावं लागे, कारणाला वेळ लागे. पास करणं सोपं होतं. हे मी ठरवून केलं नाही. म्हणूनच ते मला सात वर्षं दिसलं नाही. उजळ वाळूवर धुळीचा पडदा आला की वाळू थोडी मंद दिसते. दर वर्षी मी थोडी जास्त धूळ आत येऊ दिली, आणि दर वर्षी थोडा जास्त दोष कॅमेऱ्यावर लिहिला.

सोमवारी साळवेला सांगितलं. तो आधी म्हणाला, “अरे, कोण उघडतंय तुझी नापासाची वही?” मग माझ्याकडे पाहून खुर्ची ओढून शेजारी बसला. त्यानंच रस्ता सुचवला. चौकोनाच्या एका कोपऱ्यात काळ्या खडकाची एक रेघ होती. स्वच्छ हवेत वाळू आणि रेघ यांतला फरक मोठा, धूळ असली की कमी. तो फरक ठरावीक आकड्याखाली गेला की दिवस नापास. डोळ्याला विचारायचंच नाही. सातही वर्षांची सगळी चित्रं, पास आणि नापास, आम्ही पुन्हा त्या रेघेवर लावली. तीन दिवस लागले. बुधवारी दुपारी आकडा आला : उणे १.३.

दीड टक्क्याच्या सुटीच्या आत. कॅमेरा ठीक होता. नव्या विभागाची गरज नव्हती.

त्या संध्याकाळी मी सुनंदाला सगळं सांगितलं.

“एक पॉइंट आठचा फरक,” ती म्हणाली.

“हो.”

“कोणाला कळलं असतं?”

“कोणालाच नाही.”

“साळवेभावजींना?”

“तो बोलला नसता.”

“मग मला कशाला विचारताय?”

“विचारत नाही. सांगतोय.”

“हां,” ती म्हणाली. “ते मात्र खरं.” तिनं नानांच्या खोलीकडे पाहिलं. “त्या दिवशी मी गच्चीत गप्प बसले असते तर?”

ती उठली, स्टूल घेतलं आणि एक गाठोडं सोडून भांडी एकेक करून माळ्यावर ठेवायला लागली. मी मदतीला गेलो तर म्हणाली, “राहू द्या. तुमची वाळू आहे तिथंच राहिली, आम्हीही राहू.” दुसरं गाठोडं तिनं सोडलं नाही. ते पुढं कित्येक महिने दाराआड तसंच होतं आणि येता-जाता माझा पाय त्याला लागायचा.

“रीडिंग?” नानांनी विचारलं होतं, पण मी त्या गडबडीत उत्तर दिलं नव्हतं. आता जाऊन खाटेशी बसलो.

“उणे एक पॉइंट तीन, नाना.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आठवड्यापूर्वीचा आकडा त्यांच्या लक्षात होता, हे मला त्यांच्या कपाळावरून कळलं.

“काटा नव्हता हलला,” मी म्हणालो. “मी हललो होतो.”

“समोरून?”

“आता समोरून.”

त्यांनी डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. मग खिडकीकडे वळून भिंत पाहायला लागले. तेव्हा मी त्यांना नीट पाहिलं. मानेच्या शिरा, गळपट्टीत दोन बोटं शिरतील एवढी ढिली झालेली बंडी. सात वर्षं कोणी विचारलं की मी सांगत आलो होतो, “तसेच आहेत.” त्यांच्या बाबतीतही मी ‘चालेल’ लिहीत आलो होतो.

गुरुवारी, १७ तारखेला, फॅक्स केला. तासाभरात परचुरेसाहेबांचा फोन आला.

“हे आत्ताच सापडायचं होतं?”

“हो साहेब.”

“तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. मी आकडे पाहिले. बरोबरच आहे.” मग म्हणाले, “क्वार्टरचं मात्र आता माझ्या हातात राहिलं नाही.”

“समजलं.”

“वडील कसे आहेत?”

“कमी झालेत,” मी म्हणालो.

रविवारी, २० तारखेला, सकाळी मी दाढी करत होतो. जिन्यात बरीच पावलं वाजली. दार उघडलं तर सुनंदा, तिच्यामागे सुकदेव आणि आणखी तिघं.

“बाबांना खाली न्यायचं म्हणत्यात वहिनी,” सुकदेव म्हणाला. “खुर्ची हाय का दांडीची?”

“कुठं न्यायचं?” मी विचारलं. “दवाखान्यात?”

“खाली,” सुनंदा म्हणाली. “नुसतं खाली. लिंबाखाली.”

सात वर्षांत हे माझ्या मनात आलं नव्हतं. खाली जायला कारण लागतं, अशी माझी समजूत होती. मी पैशांचं विचारलं. सुकदेव हसला.

“खाली आणायचं काय घ्यायचं? ओझं आपलं आपण उतरतं. वर न्यायचं द्या. मजल्याला माणशी पाच.”

त्यांनी खुर्चीच्या दोन्ही बाजूंनी बांबू घातले आणि नानांना खांद्यावर घेतलं. वळणावर खुर्ची तिरकी झाली नाही. नानांचा डावा हात कठड्याकडे गेला आणि परत मांडीवर आला. पाचव्या माणसाची गरज पडली नाही. मी मागून मोकळ्या हातांनी उतरलो.

प्लॉटच्या कडेच्या लिंबाखाली नाना पाऊण तास बसले. प्लॉटमध्ये एक बाई क्रेट धूत होती. नानांनी बोटानं क्रेटची चळत मोजली. मग मान मागे करून वर पाहिलं आणि बराच वेळ आपली खिडकी शोधली. सापडली तेव्हा मला दाखवली. बाहेरून ती फार लहान दिसत होती.

पुढच्या रविवारी पुन्हा. या खेपेला सुनंदा दार लोटून खाली आली आणि म्हणाली, “मी येते जाऊन.” कुठं ते सांगितलं नाही. दीड तासानं परत आली. साडीच्या काठाला गोदावरीचं पाणी लागलेलं होतं.

सोमवारी मजुरांचा ट्रक गेला. ताडपत्र्यांच्या जागी काळे चौकोन राहिले. त्यानंतर मी बिल्डिंगमधल्या लोकांना विचारलं, एक-दोनदा जमलं, मग प्रत्येकाला काम निघालं. पुढच्या डिसेंबरात सुकदेव येईल म्हणून वाट पाहिली. त्या साली प्लॉटला कुंपण पडलं आणि बांधकाम सुरू झालं. २००५ च्या जूनमध्ये नाना गेले, तेव्हा तिथं तिसरा मजला चढत होता. त्यांच्या खिडकीतून आता भिंतीबरोबर त्या बिल्डिंगचा जिनाही दिसतो. तिलाही लिफ्ट नाही.

माझा उपग्रहही बंद झाला. बंद होईपर्यंत त्याचा आकडा दीडच्या आतच होता. आमचं केंद्र गुंडाळलं गेलं. मी अजून तिसऱ्या मजल्यावरच आहे. परवाच्या धुळीत सुनंदा ताटली घेऊन गच्चीत गेली, वीस मिनिटांनी खाली आली आणि चीक झाकून ठेवला.

रोजनिशीत त्या हंगामाची शेवटची नोंद अशी आहे. दिनांक २७ एप्रिल २००३, रविवार. तीन मजले, चार माणसं, दोन खेपा वर नेण्याच्या : एकशे वीस रुपये, सुकदेवच्या हाती दिले. शिवाय पास दिवसाच्या कुरडयांचा एक डबा, सुनंदाकडून. हजर : नाना, सुनंदा, मी. खाली आणण्याचे काही घेतले नाही.